वसाहतीत माणसं मिळत नाहीत, गावात पोरं रिकामी: तालुक्याच्या पातळीवर काय करता येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या उद्योजक संघटनेचे सचिव विचारतात: आमच्याकडे छोटे-मध्यम कारखाने आहेत, बरेचसे मशिन शॉप, काही फौंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशिनवर, माणूस मिळत नाही, फौंड्रीत स्थानिक पोरगं टिकत नाही. आणि वसाहतीला लागून असलेल्या गावांत आयटीआय, डिप्लोमा, बीए, बीकॉम झालेली पोरं घरी बसली आहेत. तालुक्यात सरकारी आयटीआय आहे, दोन कॉलेजं आहेत. सगळ्यांनी मिळून कौशल्य विकास केंद्र काढावं असं चाललंय. सुरुवात कुठून करावी, आणि सरकारी योजनेतून पैसा मिळेल का?

केंद्रापासून सुरुवात करू नका. माझी बहुतेक नोकरी आयटीआय आणि कारखाने यांच्या मधल्या रस्त्यावर गेली. शिकाऊ उमेदवारीचं (अप्रेंटिसशिपचं) काम केलं, नंतर उद्योजक संघटनांना सल्ला देण्याचं. केंद्राचं गणित मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पहिल्या वर्षी पालकमंत्री येतात, दुसऱ्या वर्षी बॅच भरायला पोरं शोधावी लागतात, तिसऱ्या वर्षी मशिनचा देखभाल करार संपतो आणि प्लास्टिकचं कव्हर चढतं. याचं कारण प्रशिक्षण वाईट असतं असं नाही. ज्याला आपण सगळे 'कौशल्याची दरी' म्हणतो, त्यातला मोठा भाग पगाराचा, बसच्या वेळेचा आणि कामावरच्या पहिल्या तीन महिन्यांचा असतो. केंद्र यातलं काहीच सोडवत नाही. कारखाने, आयटीआय, ग्रामपंचायती आणि एसटी आगार एकत्र बसले तर यातलं बरंचसं सुटतं, आणि त्याला इमारत लागत नाही. जे एका छोट्या कारखान्याला एकट्याने परवडत नाही ते दहा जणांनी मिळून उचलायचं, भागीदारीचा उपयोग एवढाच आहे. पण तो मोठा आहे.

आधी घरी बसलेल्या पोरांबद्दल. देशात १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर २०२३-२४च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात १०.२ टक्के होता. त्याहून बोलका आकडा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या भारतविषयक अहवालात आहे: पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. न शिकलेल्याला बेकार राहणं परवडतच नाही. तो सेंट्रिंगला जातो, ऊसतोडीला जातो. शिकलेला थांबतो, कारण घरची एक-दोन एकर आणि वडिलांचा दुधाचा रतीब त्याला थोडे दिवस थांबू देतात. आणि तो नुसता बसलेलाही नसतो. तो अभ्यासिकेत असतो, नाहीतर पहाटे मैदानावर धावत असतो. २०२४च्या पोलीस भरतीत महाराष्ट्रात १७ हजार ४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्या रांगेत तुमच्या तालुक्यातली पोरंही होती. म्हणजे तुमच्या नोकरीची स्पर्धा शेजारच्या गाळ्याशी नाही, खाकी वर्दीशी आहे. आणि त्या वर्दीला लग्नाच्या बाजारात जी किंमत आहे ती कंत्राटदाराच्या मस्टरवर असलेल्या पोराला नाही. हसण्यावारी नेऊ नका. मुलगी बघायला गेल्यावर 'कंपनीत आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न 'पर्मनंट का?' हाच असतो, आणि त्याचं उत्तर पोराला ठाऊक असतं.

आता कारखान्यांकडे येऊ. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी चूक इथून सुरू होते.

सभासदांना 'किती माणसं हवीत?' असा फॉर्म पाठवू नका. प्रत्येकजण दहा लिहितो. लिहायला पैसे पडत नाहीत. त्या बेरजेवर जिल्हा कौशल्य विकास आराखडा तयार होतो, बॅचेस मंजूर होतात, आणि सहा महिन्यांनी तेच सभासद म्हणतात, आत्ता मंदी आहे. त्याऐवजी संघटनेच्या माणसाने प्रत्यक्ष गाळ्यात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या महिन्यात कोणतं मशिन, कोणत्या पाळीत, कोण नव्हतं म्हणून बंद राहिलं? गेल्या सहा महिन्यांत कोण सोडून गेलं आणि कुठे गेलं? आज चांगला माणूस दारात उभा राहिला तर हातात किती द्याल? आणि त्याला कोणत्या तारखेला घ्याल? शेवटच्या दोन उत्तरांखाली मालकाची सही घ्या. दहाचे दोन होतात, पण ते दोन खरे असतात.

हे केलं की एक गंमत दिसते. सगळे म्हणतात 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे', आणि खोदून विचारलं की कळतं, हवाय तो सेटर. ऑपरेटर जॉब लावतो, सायकल सुरू करतो, व्हर्नियर-मायक्रोमीटरने माप घेतो, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलतो, फार तर ऑफसेटमध्ये, म्हणजे मशिनला दिलेल्या टूलच्या मापात, थोडी दुरुस्ती करतो. नवीन जॉब आला की फिक्स्चर बसवणं, टूल लावणं, ऑफसेट घेणं आणि पहिला पीस क्वालिटीकडून पास करून आणणं हे सेटरचं काम. सेटर रजेवर गेला की तीन मशिनं उभी राहतात आणि तीन ऑपरेटर झाडू मारतात. तीन महिन्यांच्या कोर्समधून बरा ऑपरेटर निघू शकतो. सेटर निघत नाही. तो दोन-तीन वर्षं शॉपमध्ये वेगवेगळे जॉब हाताळून तयार होतो, आणि त्याला दुसरा सेटरच तयार करतो.

मग सेटर तयार का होत नाहीत? जुना सेटर शिकवत नाही, कारण शिकवलं तर त्याचा भाव उतरतो. मालक शिकवायला सांगत नाही, कारण तेवढ्या वेळात उत्पादन जातं. ऑपरेटर दोन वर्षं त्याच पगारावर तेच बटण दाबतो आणि दोन-तीन हजार जास्त मिळतात म्हणून चाकणला जातो. यात प्रशिक्षण केंद्राचा संबंध कुठे आला? इथला इलाज असा: प्रत्येक सभासद कारखान्याने दरवर्षी आपल्या दोन ऑपरेटरांची नावं सेटिंगसाठी लिहून द्यायची, जुन्या सेटरला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्यायचा, आणि ज्या आठवड्यात तो शिकवतो त्या आठवड्याचं त्याचं टार्गेट कमी धरायचं. वर्षाअखेर संघटनेने नेमलेल्या दुसऱ्या कारखान्यातल्या सेटरने त्या पोरांची परीक्षा घ्यायची. ड्रॉइंग द्यायचं, कच्चा माल द्यायचा, पहिला पीस काढून दाखव म्हणायचं. पास झालेल्या पोराचा पगार किती वाढेल ते आधीच कागदावर असलं पाहिजे. आणि रिकाम्या झालेल्या ऑपरेटरच्या जागेवर गावातलं नवीन पोरगं येतं. शिडी वरून मोकळी केल्याशिवाय खालून कोणी चढत नाही.

कोल्हापूरला हे नवीन नाही. उद्यमनगरातली मशिन शॉपं मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनीच उभी केली. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांपासून सुरू झालेला हा धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत पसरला तो त्या शिकण्या-शिकवण्यावर. फरक एवढाच की तेव्हा शिकलेलं पोरगं दहा वर्षांत स्वतःचा लेथ टाकायचं. आता एका व्हीएमसीची (मोठ्या सीएनसी मशिनची) किंमत पाहता तो रस्ता बहुतेकांना बंद आहे, म्हणून कारखान्याच्या आतच वर जाण्याचा रस्ता दाखवावा लागतो.

फौंड्रीची गोष्ट निराळी आहे आणि तिथे मी तुमच्या सभासदांची बाजू घेणार नाही. मोल्डिंग (वाळूचे साचे करणं), फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणं), भट्टीवर ओतकाम, ही कामं आज मोठ्या प्रमाणात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार करतात, बहुधा ठेकेदारामार्फत आणि नगावर. स्थानिक पोराला ते येत नाही असं नाही. उष्णता, धूळ आणि नगाचा दर बघून तो जात नाही. आयटीआयच्या फौंड्रीमन ट्रेडला मुलं का येत नाहीत याचं उत्तर त्यात आहे. तिथे कितीही मोफत कोर्स काढा, धूळ ओढणारी यंत्रणा नीट चालत नसेल तर पोरगं तिसऱ्या दिवशी घरी. पण फौंड्रीत आणखीही जागा असतात ज्यांच्याकडे कोणी बघत नाही. वाळूची चाचणी करणारी लॅब, स्पेक्ट्रोमीटरवर धातूचं पृथक्करण, पॅटर्न शॉप, कास्टिंगचं सिम्युलेशन, रिजेक्शनच्या नोंदी ठेवून कारण शोधणं. या कामांना रसायनशास्त्रातली बीएस्सी झालेली मुलगी किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा झालेला मुलगा थोड्या तयारीने उभा राहतो. तुमच्या दोन कॉलेजांपैकी एकाच्या केमिस्ट्री विभागाला एका फौंड्रीची लॅब जोडून द्या. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी तिथे आठवड्यातून दोन दिवस खरे नमुने तपासावेत. खर्च जवळपास नाही, आणि पुढे लॅबला माणूस लागला की तो ओळखीतला असतो.

मघाशी बसचा उल्लेख केला, तो सहज नव्हता. पहिली पाळी सातला सुरू होते. गावातून पहिली एसटी बऱ्याच ठिकाणी शाळा-कॉलेजच्या वेळेला निघते. दुसरी पाळी अकराला सुटते तेव्हा गाडीच नसते. मोटारसायकल असलेलं पोरगं कामाला येतं, नसलेलं येत नाही, आणि मुलींचा प्रश्न तर पाळीचं वेळापत्रक ऐकल्यावरच मिटतो. वसाहतीतल्या दहा कारखान्यांनी कामगारांच्या गावांची यादी करून आगार व्यवस्थापकांना दिली, 'एवढे मासिक पास आम्ही घेतो' असं लेखी दिलं, तर पहाटेची एखादी फेरी मागता येते. नाही जमलं तर दोन गाड्या मिळून भाड्याने घ्या. आयटीआयच्या एका नव्या ट्रेडला लागणाऱ्या पैशाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, आणि परिणाम पहिल्या महिन्यात दिसतो. मुली हव्या असतील तर त्याच बैठकीत स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली हा विषयही घ्या. ज्या गाळ्यात ते नाही त्याने 'मुली येत नाहीत' म्हणू नये.

आता शिकाऊ उमेदवारी. तुमच्या हातात असलेलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी वापरलेलं हत्यार हेच. कायदा १९६१चा आहे. २०१९च्या नियमदुरुस्तीनंतर ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, त्यात कंत्राटी कामगारही धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. तुमचे बरेच सभासद या दुसऱ्या गटात असणार, म्हणून त्यांना वाटतं हे आपलं नाही. त्याच दुरुस्तीत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५ हजार ते ९ हजार रुपये ठरलं. २०१६पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १ हजार ५०० रुपये, वाटा उचलतं आणि तो आता थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. दर बदलत राहतात, करार करण्याआधी आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्यांकडून चालू दर घ्या. आणि एक लक्षात ठेवा: कायद्यातली रक्कम किमान आहे. सात-आठ हजारांत परगावचं पोरगं खोली आणि मेस भागवू शकत नाही. घरून डबा आणणाऱ्याला ते जमतं, म्हणून शिकाऊ उमेदवार जवळच्या गावांतलेच घ्या आणि जमेल तेवढं किमानपेक्षा वर द्या.

एकट्या छोट्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार जड जातो तो पैशाने नाही. नोंदणी, करार, सरकारी पोर्टलवरची हजेरी, सुरुवातीचं मूलभूत प्रशिक्षण हे करायला त्याच्याकडे माणूस नसतो. इथे संघटना कामाला येते. दहा कारखान्यांनी प्रत्येकी दोन घेतले की वीस जणांची तुकडी होते. आयटीआयच्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात किंवा वर्कशॉपमध्ये दुपारनंतर मशिनं मोकळी असतील तर ही तुकडी तिथे चालवता येते. पोर्टलचं काम संघटनेचा एकच माणूस सगळ्यांसाठी करतो. आयटीआयला याच्या आधीच्या टप्प्यावरही जोडून घेता येतं: २०१६पासून दुहेरी प्रशिक्षण पद्धत आहे, तिच्यात थिअरी आयटीआयत आणि प्रात्यक्षिकाचा मोठा भाग कारखान्यात होतो. आयटीआयच्या जुन्या लेथवर शिकलेलं पोरगं नव्या मशिनपुढे गांगरतं, ही तक्रार त्याने बरीच कमी होते.

यावर सभासद बैठकीत एकच वाक्य बोलणार आहेत, मी ते आत्ताच लिहून देतो: 'शिकवलं की पळतो.' खरं आहे, पळतो. त्यावर बाँड लिहून घेणं, मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवून घेणं हे प्रकार काही ठिकाणी चालतात. ते करू नका. पोरांत ती बातमी एका दिवसात पसरते आणि पुढच्या वर्षी तुमच्या दारात कोणी येत नाही. 'एकमेकांची माणसं ओढायची नाहीत' असा संघटनेत ठरावही करतात. ऑर्डरचा दबाव आला की तो मोडतो. त्यातल्या त्यात टिकणारा उपाय म्हणजे सगळ्यांनी मिळून पगाराच्या पायऱ्या जाहीर करणं. सहा महिन्यांनी इतका, वर्षाने इतका, सेटिंगची परीक्षा दिली की इतका, कायम कधी. हा तक्ता आयटीआयच्या फलकावर लावा. पोरं त्या तक्त्यासाठी थांबतात. तरी काही जातीलच. पण दहाही कारखाने शिकवत असतील तर तुमच्याकडून गेलेला शेजाऱ्याकडे जाईल आणि शेजाऱ्याचा तुमच्याकडे येईल. एकटाच शिकवणारा मात्र कायम तोट्यात राहतो. जर्मनीचं उदाहरण इथे सगळे देतात, पण तिथे उद्योग-व्यापार मंडळाचं सभासदत्व कायद्याने सक्तीचं आहे आणि परीक्षाही तेच मंडळ घेतं, हे सांगायचं राहून जातं. आपल्या संघटना ऐच्छिक आहेत, म्हणून सगळ्या वसाहतीला बांधायला जाऊ नका. मनापासून तयार असलेले दहा पुरे.

सरकारी पैशाबद्दल विचारलंत. मिळू शकतो, पण आधीचा इतिहास माहीत असू द्या. २००७-०८मध्ये केंद्र सरकारने देशातल्या १ हजार ३९६ सरकारी आयटीआयसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची योजना आणली. प्रत्येक आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपये बिनव्याजी कर्ज, समितीचा अध्यक्ष उद्योगातला, काही जागा भरण्याचा अधिकारही समितीला. कागदावर याहून चांगली स्थानिक भागीदारी सापडणार नाही. प्रत्यक्षात मी जवळून पाहिलेल्या समित्यांत अध्यक्ष लांबच्या मोठ्या कंपनीतले असायचे, स्वतः क्वचित यायचे, एचआरमधला एखादा कनिष्ठ अधिकारी सही करून जायचा. कर्ज फेडायचं आहे या धास्तीने पैसा खर्च करण्यापेक्षा मुदत ठेवीत ठेवणं सगळ्यांना सोयीचं वाटायचं. प्राचार्यांची बदली झाली की नवे प्राचार्य फाइल पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे. ज्या थोड्या ठिकाणी चांगलं झालं तिथे अध्यक्ष त्याच वसाहतीतला होता आणि त्या आयटीआयची पोरं त्याच्याच शॉपमध्ये कामाला होती.

२०२५मध्ये केंद्र सरकारने आयटीआय सुधारण्यासाठी 'पीएम सेतू' योजना जाहीर केली: १ हजार सरकारी आयटीआय, २०० मुख्य आणि ८०० त्यांना जोडलेल्या, एकूण ६० हजार कोटी, त्यातले १० हजार कोटी उद्योगांकडून अपेक्षित. तुमची आयटीआय यात आली तर उत्तमच, पण जोडलेल्या आयटीआयचे निर्णय मुख्य आयटीआयकडे आणि मोठ्या कंपनीकडे जाण्याची शक्यता जास्त. तालुक्यातल्या मशिन शॉपला काय हवं ते सांगणारा तुमचा माणूस त्या समितीत बसलाच पाहिजे. पैसा येण्याआधी हा आग्रह धरा, नंतर जागा राहत नाही.

छोट्या मुदतीच्या कोर्सेसबद्दल मला फारसं प्रेम नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला ३० टक्के पैसे बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्र झाल्यावर आणि फक्त २० टक्के नोकरी लागल्यावर मिळायचे. ८० टक्के पैसा नोकरीच्या आधीच हातात आल्यावर संस्थेचं लक्ष कुठे राहणार? राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४पासून बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन सहा महिने मिळू लागलं, पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. पोरांना खर्चाला आधार झाला हे नाकारत नाही. पण मुदत संपल्यावर 'आता कायम करा' म्हणत तीच पोरं आंदोलनाला बसली, कारण ज्या जागेवर बसवलं ती जागाच नव्हती. तुमच्या सभासदांनी या योजनेतून पोरं घ्यायला हरकत नाही, फक्त शेवटी रिकामी जागा आहे अशाच ठिकाणी घ्यावीत. फुकटचा हात म्हणून नको.

बीए-बीकॉमवाल्यांसाठी कारखान्यात काम नसतं हा गैरसमज आहे. स्टोअर, डिस्पॅच, खरेदी, जीएसटीची कागदपत्रं, ग्राहकाला लागणारी क्वालिटीची दस्तऐवजं, यात माणसं लागतातच. नव्या शैक्षणिक धोरणात कॉलेजांना मुलं प्रत्यक्ष कामावर पाठवायची आहेत. सध्या बऱ्याच ठिकाणी ते ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणण्यापुरतं उरलंय. दोन्ही प्राचार्यांना सांगा, आम्ही वर्षाला इतकीच मुलं घेऊ, पण खरं काम देऊ आणि गैरहजर राहिला तर सही करणार नाही.

शाळांचा विषय तुम्ही काढला नाहीत. पण पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथली एक रीत उचलण्यासारखी आहे. मूलभूत तंत्रज्ञानाच्या त्यांच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया असं सगळं हाताने करतात, शिकवायला गावातलेच कारागीर असतात, आणि शिकताना गावाची खरी कामं करून देतात. वसाहतीजवळच्या एखाद्या हायस्कूलला तुमच्या संघटनेने हे करायला मदत केली, तर आयटीआयला ट्रेड निवडताना पोराला आपला हात कशाला चालतो ते आधीच कळलेलं असेल. आत्ता बहुतेकजण इलेक्ट्रिशियन मागतात, कारण महावितरणची भरती डोळ्यांसमोर असते आणि नाहीच लागली तर गावात वायरिंग करता येतं. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. तुमच्या ट्रेडचा हिशेब त्यांना कोणी मांडून दाखवलेला नाही.

बैठकीला कोणाला बोलवायचं? प्राचार्य हवेतच, पण ते बदलून जातील, म्हणून ज्या ट्रेडचं काम करायचं त्याचे शिल्पनिदेशक (ट्रेड शिकवणारे शिक्षक) नक्की बोलवा. मालकांबरोबर त्यांचे सुपरवायझरही बसवा. मालकाने दिलेला शब्द शॉपमध्ये पाळायचा त्यांनाच आहे. दोन-तीन सरपंच, आगार व्यवस्थापक, आणि बिचकू नका, एक-दोन लेबर ठेकेदार. कोणत्या गावात किती पोरं आहेत, कोण किती दिवसांत काम सोडतो आणि का, हे जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यालयापेक्षा ठेकेदाराला जास्त ठाऊक असतं. त्याला बाहेर ठेवलं तर तो पोरं दुसरीकडे वळवेल. आत घेतलं तर निदान माहिती देईल.

एक पूर्णवेळ पगारी समन्वयक लागेलच, आणि त्याचा पगार दहा कारखान्यांच्या वर्गणीतून द्या. योजनेतून दिलात तर तो योजनेचे कागद भरत बसेल. माणूस एचआरची पदवी असलेला नको. शॉपमधून निवृत्त झालेला एखादा फोरमन, ज्याच्याशी पोरगंही बोलेल आणि मालकही, तो बरा. त्याचं पहिलं काम नव्या पोराला पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि तिसऱ्या महिन्याला भेटणं. पोरं सोडून जातात ती बहुतेक याच काळात, आणि कारणं ऐकली तर साधी असतात: सेफ्टी शूजचे पैसे कापून घेतले पण शूज मिळालेच नाहीत, सुपरवायझर आईवरून शिवी देतो, पगार दहाला म्हणाले आणि बावीसला झाला. हे महिन्याच्या बैठकीत नाव न घेता वाचून दाखवायचं. त्याच्या वहीत आणखी दोनच रकाने हवेत: सहा महिन्यांनी किती पोरं कामावर टिकली, आणि वर्षाने त्यांच्या हातात किती पडतं. किती प्रमाणपत्रं वाटली हे ज्याला हवं त्याने मोजावं.

वेळेचं बघा. आयटीआयची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा पावसाळ्यात होते आणि नवे प्रवेशही त्याच सुमारास चालू असतात. पास होणारं पोरगं तेव्हा ठरवतं, पुण्याला जायचं की भरतीची तयारी करायची. म्हणून सह्या केलेली दहा कारखान्यांची मागणी आणि पगाराचा तक्ता मे महिना संपायच्या आत आयटीआयच्या फलकावर लागला पाहिजे. केंद्राचा प्रस्ताव लिहायचाच असेल तर एक वर्षाची ती वही भरल्यावर लिहा. कोणतं मशिन मागायचं, की मशिनऐवजी वसतिगृह मागायचं, ते तेव्हा तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.